चौदा नंबरचा व्हॉल्व्ह

हिद्दच्या गोदीमागे, पत्र्याच्या केबिनमध्ये
मी जुनी ड्रॉइंग्ज स्कॅन करतो.
मेणकापडावरची, काही माझ्याहून वयाने मोठी,
इतकी वर्षं नळकांड्यात राहिलेली
की सरळ पडणं विसरलेली.
चार कोपऱ्यांवर चार गंजके नट ठेवतो, थोडा वेळ दमाने घेतो,
मग एकेक यंत्राला भरवतो.

यंत्र विचारतं : कॉम्प्रेशन?
खाली यादी उघडते.

पहिल्या महिन्यात जेपेग दिलं.
फाईल हलकी झाली, सर्व्हर सांभाळणारा शिनोज खूश.
पण प्रत्येक आकड्याभोवती लिखा पडल्यासारखे ठिपके,
तीन आहे की आठ?
पाइपाचा व्यास कुणी नशिबावर सोडत नाही.

दुसऱ्या महिन्यात एलझेडडब्ल्यू.
एक कण हरवत नाही त्यात, दाबलेलं सगळं परत मिळतं.
माझ्याकडे उघडायची फाईल, शिनोजकडे उघडायची,
बंदर खात्यात अबू राशिदकडे नाही.
त्याचा फोन : "सदीक, अंदर कुछ नहीं."
होतं हो, सगळं होतं.
अख्खं इंजिनरूम होतं, पंप, नळ, शिडीची पायरीन् पायरी.
मी म्हटलं, त्याचा प्रोग्राम बदला ना.
शिनोज म्हणाला, तो प्रोग्राम आपल्या दोघांच्या व्हिसाहून जुना आहे,
आपण जाऊ, तो राहील.

मग पॅकबिट्स. मग काहीच नको, उघडीवाघडी फाईल, नव्वद एमबी,
शिनोजने चहा पाजणं बंद केलं.
एकदा तर उघडली ती उलटी,
पांढऱ्याचं काळं, काळ्याचं पांढरं,
जहाज रात्री काढल्यासारखं.
मी बघत बसलो. सुंदर दिसत होतं. चूक होतं.

शेवटी जमलं ते ग्रुप फोरवर.
फॅक्सच्या जमान्यातली रीत.
फक्त काळं नि पांढरं, मधलं काही नाही.
इथली हिंदी असते तशी :
लिंग नाही, वचन नाही, काळ एकच,
खाना, पगार, छुट्टी, मालूम नहीं.
शिनोजला येते, अबू राशिदला येते, नेपाळी वॉचमनलाही.
त्या भाषेत मी सात वर्षांत
कुणाशी भांडलो नाही की कुणाची नीट समजूत काढली नाही,
पण काम अडलं नाही कधी.

शीट दोनशे बारा.
उजव्या कोपऱ्यात, शाईच्या रेघांच्या मागे,
पेन्सिल.
वाकून बघितलं, दिवा तिरका केला,
आपली अक्षरं.
"१४ नंबरचा व्हॉल्व्ह उलटा बसवलाय. दोनदा सांगितलं. म. ना."
खाली तारीख, एक्याऐंशीचा मार्च.

कोण हा म. ना.?
कुठला, मालवणचा, महाडचा?
दोनदा कुणाला सांगितलं, आणि कुठल्या भाषेत?

स्कॅन केलं. कोपरा कोरा आला.
उंबरा खाली घेतला, तर सगळं मेणकापडच काळं होऊन बसलं,
म. ना. त्या काळ्यात.
करड्या छटांत ठेवलं तर तो दिसतो, स्पष्ट,
पण मग अबू राशिद : "सदीक, अंदर कुछ नहीं."

मूळ प्रतीवर खूण करायची नाही,
भिंतीवर चार भाषांत लिहिलंय. मराठीत नाही.

दार लोटलं. पॉइंट तीनचं काळं पेन काढलं
आणि गिरवत गेलो,
लहानपणी पाटीवर गिरवायचो तसा, जीभ दातांत धरून.
त्याचा 'व' पोट सुटलेला, 'ल' घाईत,
मी माझं अक्षर घुसू दिलं नाही.
'दोनदा' वर जरा जोर पडला, पडू दिला.

ग्रुप फोर. सेव्ह. पाठव.

अर्ध्या तासाने फोन.
उघडली म्हणाला, एकदम साफ. कोपऱ्यात काय लिहिलंय?
मी म्हटलं, चौदा नंबर व्हॉल्व्ह उल्टा.
पलीकडे कागद चाळल्याचा आवाज, बराच वेळ.
मग हसला अबू राशिद :
ती लाँच कधीच भंगारात गेली, सदीक. व्हॉल्व्ह नाही, जहाज नाही.

मी म्हटलं, मालूम.
तरी लिहून घे.